पंचेचाळीस एचपी आणि साठीचा मालक

निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि एक प्रश्न मिळतो : "मग आता पुढे काय?" यावर "काही नाही, आराम" म्हणणाऱ्याचं आयुष्य स्वस्तात जातं. "गावाकडे थोडी जमीन बघतोय" असं म्हणून जो फसतो, त्याच्या हातात शाल सुटायच्या आत तीन एजंटांचे नंबर येतात. आणि जमीन झाली की चौथा माणूस येतो, तो ट्रॅक्टरच्या शोरूममधला. तो 'साहेब' म्हणत नाही, 'मालक' म्हणतो. पस्तीस वर्षं ज्याला कुणी मालक म्हटलं नाही, असा माणूस इथे पार विरघळतो. सहीसाठी पेन त्याचा तोच मागतो.

पण आधी जमीन. आणि जमिनीच्याही आधी एक किरकोळ मुद्दा : तुम्ही शेतकरी आहात का?

हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटेल, पण तो कूळकायद्याचा आहे. १९४८च्या त्या कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. घेतलीच, तर व्यवहार बेकायदा ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. म्हणून जमीन बघायला निघण्याआधी आजोबांची दीड एकर बघा. ती कुठेतरी असते, आणि सातबाऱ्यावर आजोबाच असतात, वर जाऊन चाळीस वर्षं झाली तरी. वारस नोंद करून घ्या. तिला मृत्यूचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या वारसांची नावं लागतात, आत्यांचीही. आत्यांची नावं सोयीस्कर विसरणारा पुतण्या पुढे दिवाणी न्यायालयात त्यांना नव्याने भेटतो. हे सगळं झालं की तुम्ही शेतकरी झालात. निदान तलाठ्याच्या लेखी.

आता बँक. गृहकर्जाचा अनुभव असलेल्या माणसाला वाटतं, घरासाठी मिळतं तसं जमिनीसाठी मिळेल. मिळत नाही. 'प्लॉट लोन' नावाची जी गोष्ट असते ती बिगरशेती प्लॉटला. शेतजमीन तारण म्हणून बँकेला आवडत नाही, आणि त्यात बँकेचा स्वभाव वाईट असण्याचा संबंध नाही. थकलेल्या कर्जासाठी कोर्टात न जाता तारण विकायचा अधिकार बँकांना सरफेसी कायद्याने २००२ साली दिला, पण त्याच कायद्याच्या कलम ३१ने शेतजमीन त्यातून वगळली. म्हणजे फ्लॅटचे हप्ते थकले तर दारावर नोटीस, आणि जमिनीचे थकले तर वर्षानुवर्षं तारखा. बँकेतला शेती अधिकारी हे असं सांगत नाही. तो म्हणतो, "काका, या शाखेला त्याचं टार्गेट नाही."

जमीन खरेदीची योजना नाही असं नाही. स्टेट बँकेची आहे, ८५ टक्क्यांपर्यंत कर्ज देणारी. पण ती आहे पाच एकरांपर्यंत जिरायत किंवा अडीच एकरांपर्यंत बागायत असलेल्या लहान शेतकऱ्यांसाठी आणि भूमिहीन मजुरांसाठी, तीही आधीचं कर्ज किमान दोन वर्षं नियमित फेडलेल्यांना. निवृत्त उपअभियंता यात कुठे बसतो हे त्याने स्वतःच ठरवावं. माझ्या मते बाहेरच्या बाकावर.

मग उरतात घरचे मार्ग. पेन्शन कर्ज मिळतं, हप्ता पेन्शनमधून थेट कापला जातो, पण पंचाहत्तरीच्या आसपास हिशेब मिटवायची अट असते; त्यामुळे साठीत घेतलं तर ठीक, सत्तरीत घेतलं तर हप्ता गुडघेदुखीपेक्षा जड. दुसरा मार्ग मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट. हा सगळ्यांत सोपा, वयही विचारत नाहीत. ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळतं, व्याज ठेवीपेक्षा साधारण एक टक्का जास्त. "म्हणजे मला कर्ज एकच टक्क्याने पडलं!" असं सांगत फिरणारे काका प्रत्येक कट्ट्यावर सापडतात. नाही पडलं. ठेवीच्या ७ टक्के व्याजावर प्राप्तिकर लागतो. कर्जाचं ८ टक्के व्याज शेतीसाठी असल्याने आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने ते कुठेच वजा होत नाही. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वरचा एक आणि कराचा १.४ मिळून २.४ टक्के. तरीही बाजारातलं सगळ्यांत स्वस्त कर्ज हेच. फक्त कट्ट्यावर खरा आकडा सांगा.

अंशराशीकरण, म्हणजे पेन्शन विकून एकरकमी पैसे घेणं, हाही लोकप्रिय प्रकार. चाळीस टक्क्यांपर्यंत पेन्शन विकता येते आणि ती पंधरा वर्षांनी पूर्ववत होते. ती परत येईपर्यंत आंब्याचं झाड मोठं झालेलं असतं. आंबे कोणी खाल्ले हा वेगळा विषय आहे.

पैशांची सोय झाली की सातबारा हातात घ्या आणि उजवीकडे 'इतर हक्क' रकान्यात बघा. लोक क्षेत्र बघतात, नाव बघतात, विहीर बघतात. इतर हक्क बघत नाहीत, आणि सगळी गंमत तिथेच असते. विकास सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, पुनर्वसनासाठी राखीव असल्याचा शिक्का. भोगवटादार वर्ग २ असेल तर विकायलाच परवानगी लागते. क्षेत्रात पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, किती हेही बघा. विकणारा ओढ्यातले पंधरा गुंठेही सुपीक काळ्या जमिनीच्याच भावाने मोजतो. तुकडा किमान किती हवा? २०२३पासून प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १०. त्याहून लहान तुकडा 'सामाईक सातबाऱ्यावर नाव लावून देतो' म्हणून विकतात. तिथे तुम्हाला जमीन मिळत नाही, चौदा भागीदार मिळतात.

मोजणी खरेदीखताच्या आधी करा. नंतर केली तर बांध शेजाऱ्याच्या बाजूने सरकलेला निघतो आणि त्याच्याशी पहिली ओळख भांडणानेच होते. रस्ता नकाशावर आहे की फक्त "आमचे बैल तिकडूनच जातात" या वाक्यात आहे, तेही पाहा. वाट नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे बांधावरून मागता येते, असलेली कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियमाचं कलम ५. दोन्हींत न्याय मिळतो. पेरणी मात्र त्याची वाट बघत नाही.

मुलगा परदेशी नागरिक किंवा अनिवासी असेल तर प्रेमापोटी त्याचं नाव खरेदीत घालू नका. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मिळू शकते. म्हणजे तुम्ही असेपर्यंत तो यात नाही. काही मुलांना ही अट फार सोयीची वाटते.

खरेदीखत झालं, तलाठ्याकडे फेरफार पडला, हरकतीचे पंधरा दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित केला. आता सातबाऱ्यावर तुमचं नाव. या आनंदात माणूस सरकारी योजनांचे अर्ज भरायला बसतो आणि त्याला कळतं की तो शेतकरी आहे, पण तसा नाही. पीएम किसानचे सहा हजार? महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन असेल तर बाद; प्राप्तिकर भरत असाल तर दुसऱ्यांदा बाद. कर्जमाफी? २०१९च्या राज्याच्या योजनेत २५,०००वर पेन्शनवाले बाहेरच होते. एकटं प्राप्तिकर खातं तुम्हाला मनापासून शेतकरी मानतं : शेतीचं उत्पन्न पाच हजारांच्या वर गेलं की ते करमुक्त ठेवूनही तुमच्या पेन्शनवरच्या कराचा दर ठरवताना हिशेबात धरतं.

आणि मग ट्रॅक्टर.

शोरूममधल्या माणसाला तुमची जमीन तीन एकर आहे हे माहीत असतं. तरी तो २५ एचपीच्या छोट्याकडे बघूही देत नाही. "मालक, तो द्राक्षवाल्यांचा. तुम्हाला पंचेचाळीस." तीन एकरांच्या अरुंद पट्टीत पंचेचाळीस एचपीला मागे माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर लावून वळायला दोन्ही टोकांना पंधरा-वीस फूट लागतात. म्हणजे पट्टीचा बराच भाग ट्रॅक्टर वळवण्यासाठी कसला जातो.

हिशेब पंचेचाळीसचाच करू. अवजारांसकट आठ लाख धरा; सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी १२वरून ५ टक्क्यांवर आला म्हणून एवढ्यात भागतंय. मार्जिन वीस टक्के, म्हणजे १,६०,००० तुमचे. कर्ज ६,४०,०००, व्याज १० टक्के, पाच वर्षं, सहामाही हप्ते. हप्ता येतो ८२,८८३ रुपये. वर्षाला १,६५,७६६.

आता काम मोजा. एकरी नांगरणी दोन तास, रोटाव्हेटर दीड-दीड तास दोनदा, पेरणी तास. तीन एकरांचे अठरा तास. शेणखताची ट्रॉली, लाकडं, पाहुण्यांच्या नातवंडांची हौस असं सगळं ओढूनताणून चाळीस करा. बँकांचा जुना ठोकताळा ट्रॅक्टरने वर्षाला हजार तास काम करावं असा आहे. तुमच्या चाळीस तासांवर हप्ता पसरला तर ताशी ४,१४४ रुपये पडतात, डिझेल आणि ड्रायव्हर वेगळे. भाड्याचा ट्रॅक्टर नांगरणीला एकरी दोन हजार, रोटाव्हेटरला दीड, पेरणीला एक असा धरला तरी तीन एकरांचं वर्षाचं काम अठरा हजारांत उरकतं. कर्जाऐवजी स्वतःचे तेवढेच ६,४०,००० ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला ५२,४८० व्याज आलं असतं. त्यात भाड्याचा ट्रॅक्टर, त्याच्या ड्रायव्हरला चहा-भजी आणि वर चौतीस हजार.

हा हिशेब मी अनेकांना कागदावर मांडून दाखवला आहे. सगळ्यांनी मान डोलावली. सगळ्यांनी ट्रॅक्टर घेतला.

घेणारच असाल तर निदान दोन जागी पाय घट्ट रोवा. एक, व्याज 'फ्लॅट' आहे की घटत्या शिलकीवर, हे विचारा. खासगी फायनान्सवाला "फक्त आठ टक्के" म्हणतो तेव्हा तो फ्लॅट सांगत असतो. ६,४०,०००वर पाच वर्षांचे २,५६,००० व्याज, महिन्याला १४,९३३ हप्ता. खरा दर चौदा टक्क्यांच्या वर. दोन, हप्ते सहामाही मागा आणि तारखा पीक विकल्यानंतरच्या ठेवा. महिन्याचा हप्ता भरायला महिन्याला पिकणारं पीक लागतं, आणि ते फक्त पेन्शन आहे. अनुदान हवं असेल तर राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती येईपर्यंत शोरूमची पायरी चढू नका. आधीच्या तारखेचं बिल दिसलं की अनुदान गेलं.

जुना घेऊन शहाणपणा करणारे असतात, त्यांच्यासाठी. ठरल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचा आणि सायलेन्सरला हात लावा. गरम लागला तर मालकाने सकाळीच चालू करून ठेवलाय, कारण इंजिन थंड असताना तो चालू होत नाही. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढा. भोकातून धूर फुसफुसला, तेलाचे शिंतोडे उडाले, तर रिंगा-लायनर संपले. मग रोटाव्हेटर वर उचला, इंजिन बंद करा आणि चहा मागवा. चहा येईपर्यंत रोटाव्हेटर जमिनीला टेकला तर हायड्रॉलिकची सील गेली. तासांच्या मीटरवर विश्वास ठेवू नका, त्याची केबल काढायला एक पाना पुरतो. क्लचच्या पॅडलचा रबर बघा. मीटर बाराशे तास म्हणतो आणि रबर गुळगुळीत असेल तर रबर खरं बोलतोय.

शेवटी आरसी बुकात बघा. तिथेही 'एचपी' असतं, ते इंजिनाचं नव्हे, कर्जाचं : हायपोथिकेशन, म्हणजे ट्रॅक्टर बँकेकडे तारण असल्याची नोंद. इंजिनाचं पंचेचाळीस एचपी रोज कमी होत जातं. हे एचपी हप्ते संपेपर्यंत हलत नाही.

नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस पन्नास तासांनी असते. चाळीस तासांच्या मालकाची ती दुसऱ्या वर्षी येते. मधल्या काळात बॅटरी उतरते, आणि वायरिंगचं प्लॅस्टिक उंदरांना शेंगदाण्याइतकंच आवडतं. शेजारी येऊन म्हणतो, "काका, दोन तास द्या, डिझेल माझं." देऊ नका म्हणत नाही, पण शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाड्याने फिरताना किंवा मडगार्डवर माणूस बसलेला असताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते. सीट एकच असते. गावात मात्र ट्रॅक्टरवर चारजण बसल्याशिवाय तो चालू झाला असं कुणी मानत नाही.

शेवटचा हप्ता भरला की बँक ना हरकत दाखला आणि सही केलेला फॉर्म ३५ देते. तो आरटीओत दिला की आरसीवरचं एचपी उतरतं. जमीनही तारण दिली असेल तर सातबाऱ्यावरचा बोजा मात्र आपण होऊन उतरत नाही. त्यासाठी बँकेचं पत्र घेऊन पुन्हा तलाठ्याकडे, पुन्हा फेरफार. आपण पैसे फेडले म्हणजे प्रकरण मिटलं, असं समजून लोक तो कागद कपाटात शालीखाली ठेवतात. दहा वर्षांनी जमीन विकायला काढली की घेणारा सातबारा हातात घेतो, उजवीकडचा रकाना वाचतो आणि विचारतो, "काका, हा बोजा कसला?"