रिव्ह्यूअरला खूश कसं ठेवावं: नवीन व्हॅल्युअरसाठी चार गोष्टी

लोनसाठी घराची किंमत ठरवणारा व्हॅल्युअर म्हणून बँकेच्या पॅनलवर नवीन आलात का? छान. होम लोनच्या फायली येतील, साइट व्हिजिटला जाल, टेप घेऊन खोल्या मोजाल, रिपोर्ट टाकाल, आणि मग क्वेरी येईल. रिपोर्ट तपासून क्वेरी काढणारा बँकेचा रिव्ह्यूअर दुसऱ्याच कुठल्यातरी शहरात बसलेला असतो, त्याने तो फ्लॅट, ती गल्ली, कधीकधी ते गावसुद्धा बघितलेलं नसतं. म्हणूनच त्याचं मत निष्पक्ष असतं, हे पहिलं डोक्यात बसवा.

समजा फ्लॅट डोंबिवली पूर्वेला आहे, 1992 ची बिल्डिंग, तळ अधिक चार, लिफ्ट नाही. तुम्ही इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे उतारे, काढले, एजंटांना फोन केले, रेडी रेकनरचा सरकारी दर बघितला, सगळं जमवून एक रेट लावला. रिव्ह्यूअर नकाशा उघडून विचारणार, 600 मीटरवर एवढा जास्त रेट चाललाय, तो कंपॅरेबल, म्हणजे तुलनेचा व्यवहार म्हणून, का घेतला नाही? तो असतो पश्चिमेच्या नव्या टॉवरचा, आणि मधे रेल्वेचे रूळ. समजवायला जाऊ नका. नकाशात रूळ म्हणजे एक बारीक रेघ, तुम्ही तिचा एवढा बाऊ का करताय असं त्याला वाटतं, आणि सकाळी लोकल पकडायला धावणारा माणूस काही त्याच्या एक्सेलमध्ये दिसत नाही.

मग म्हणेल, तुमचाच रेट जास्त वाटतोय, त्याच बिल्डिंगमधले गेल्या सहा महिन्यांतले तीन व्यवहार द्या. सोळा फ्लॅटची सोसायटी, निम्मे लोक मूळ बिल्डरकडून घेऊन तेव्हापासून तिथेच. अशा वेळी सरळ दुसऱ्या मजल्यावर जा, बेल वाजवा आणि म्हणा, काका, बँकेला कंपॅरेबल कमी पडतोय, या महिन्यात विकून टाकता का? विकणार नाहीत, पण चहा मिळेल.

क्षेत्रफळाचा तर विषयच वेगळा. चौरस मीटरचे चौरस फूट करताना तुम्ही 10.76 ने गुणलं आणि त्यांच्या शीटमध्ये 10.764 असेल तर 60 चौरस मीटरला पाव चौरस फुटाचाही फरक पडत नाही, तरी रिपोर्ट परत येतो. 9,000 च्या रेटने हा फरक 2,160 रुपयांचा. स्वयंपाकघरात ढापलेली ड्राय बाल्कनी मात्र कुणी विचारत नाही, कारण ती शीटमध्ये नाही.

पुढची क्वेरी: रेरा नंबर आणि रेरा कार्पेट द्या. रेरा म्हणजे बिल्डरच्या प्रकल्पांची नोंदणी करायला लावणारा कायदा, महाराष्ट्रात त्याचं प्राधिकरण महारेरा आलं 2017 ला, बिल्डिंग 1992 ची. रेराच्या कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या क्षेत्रफळात, आतल्या भिंती धरतात, जुन्या कार्पेटमध्ये धरत नव्हते, एवढंच विचारलं असतं तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं की. पण त्यांना नंबर हवाय. "लागू नाही" लिहायला गेलात तर रकाना अक्षरं घेत नाही. शून्य टाका. उद्या क्वेरी येईल, रेरा नंबर शून्य कसा?

आता खरी मेख. पार्टीला 48 लाखांचं लोन हवंय. 30 ते 75 लाखांच्या लोनला किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत देता येतं, म्हणजे फ्लॅट 60 लाखांचा निघायला हवा, आणि तुमचा निघाला साडेछप्पन. आता फोटो, भिंती, दशांश, सगळ्या क्वेऱ्या एका दिवसात बंद होतील आणि एकच उरेल, "कृपया व्हॅल्यूचा फेरविचार करावा." आकडा कोणी सांगत नाही हां, तो आपला आपण ओळखायचा. ज्याने परवा तुमचा रेट जास्त म्हणून खुलासा मागितला होता तोच आज कमी का म्हणून विचारतोय, दोन्ही मेल एकाच फायलीत आहेत, आणि तोवर सिस्टिममध्ये "व्हॅल्युअरकडे प्रलंबित" लाल अक्षरांत चमकतंय. ब्रँचचा सेल्सवाला फोन करून सांगेल, सर, पॅनलचा रिव्ह्यू चालू आहे, तुमचा टीएटी, म्हणजे रिपोर्टला लागणारा वेळ, बघा जरा. धमकी वगैरे काही नाही, काळजीपोटी सांगतात.

जिन्यात सळया बाहेर आल्यात असं लिहिलं असेल तर तेही काढायला सांगतील किंवा स्ट्रक्चरल ऑडिट जोडा म्हणतील. तिशी ओलांडलेल्या बिल्डिंगला ऑडिट लागतंच, सोसायटीने केलेलं नाही, आणि ते तुम्ही करून आणावं अशी अपेक्षा आहे. फी व्हॅल्युएशनचीच.

काही वर्षांनी हप्ते थकले, खातं एनपीए, म्हणजे थकीत, झालं, 2002 च्या सरफेसी कायद्याखाली फ्लॅट ताब्यात घेऊन लिलावाला काढला आणि बोली आली पन्नासच्या खाली, की तुमचा 60 लाखांचा रिपोर्ट कपाटातून निघेल. सही तुमची, शिक्का तुमचा. खुलासा तुम्हालाच मागतील, प्रकरण चिघळलं तर इंडियन बँक्स असोसिएशनच्या सावधगिरीच्या यादीपर्यंत नाव जाऊ शकतं. फेरविचाराची विनंती करणारा रिव्ह्यूअर तोवर बढती घेऊन दुसऱ्या बँकेत गेलेला असेल, आणि त्याच्या जुन्या मेल आयडीवर पाठवलेला मेल परत येईल. म्हणून ते "कृपया फेरविचार करावा" वालं मेल घरच्या कॉम्प्युटरवरही सेव्ह करा. आणि आजच्या क्वेरीला आधी उत्तर द्या, संडासाचा फोटो ब्लर आलाय म्हणतायत.