आपत्ती व्यवस्थापनात एम.ए. करायचंय? आधी स्टूल आणा

‘पाऊस पडलाच नाही तर’ हा निबंध शाळेत आपण सगळ्यांनी लिहिलाय. कुर्ल्यात मिठी नदीकाठी राहणाऱ्या मुलांना तो का लिहायला लावायचे, हे मला अजून उमगलेलं नाही. पण त्यात तुम्हाला दहापैकी आठ मार्क पडले असतील, तर आपत्ती व्यवस्थापनाच्या मास्टर्सला खुशाल अर्ज करा. पुढे दोन वर्षं आणि त्यानंतर नोकरीतही तेच करायचं असतं. जे झालं नाही त्याबद्दल पानंच्या पानं लिहायची, आणि जे झालं त्यावर शेवटी दोन ओळी.

मी ही पदवी घेतली आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. (आमच्या काकांना अजून वाटतं की मी फायर ब्रिगेडमध्ये आहे. दिवाळीत रॉकेट लावण्याआधी ते मला बाल्कनीत उभं करतात.)

पात्रतेची काळजी करू नका. बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेची पदवी चालते. बी.कॉम., सिव्हिल इंजिनीअर, नर्सिंग केलेली मुलगी आणि इतिहासात बी.ए. झालेला मुलगा एकाच बाकावर बसतात. मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेत या विषयाचं स्वतंत्र विद्यालयच आहे. जवळच देवनारचं डम्पिंग ग्राउंड. 2016 च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा विषय नुसत्या वासावरून समजत होता.

अवघड आहे ती दुसरी अट, मूळ कागदपत्रांची. दहावीची गुणपत्रिका, मूळ प्रत. बारावीची, मूळ प्रत. शाळा सोडल्याचा दाखला, तोही मूळ. माझी दहावीची गुणपत्रिका 26 जुलै 2005 च्या रात्री मिठीने नेली. मी मार्क लपवायला ती पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवली होती, नदीला बरोबर सापडली. मग दुय्यम प्रतीसाठी पोलिसांचा दाखला, त्यासाठी प्रतिज्ञापत्र, आणि प्रतिज्ञापत्रासाठी ओळखपत्र, जे त्याच ट्रंकेत होतं. प्रवेशाच्या खिडकीवरच्या साहेबांनी दुय्यम प्रत उलटीपालटी करून विचारलं, “ओरिजिनल कुठाय?” मी म्हणालो, “पुरात गेली.” साहेब म्हणाले, “अहो, महत्त्वाचे कागद असे कुणी घरात ठेवतं का?” तेव्हा पहिली टीप ही. पूरग्रस्तांनी या अभ्यासक्रमाला यायला हरकत नाही, फक्त त्यांचं काही वाहून गेलेलं नसावं.

परदेशात जायचं असेल तर कागद वेगळे आणि खर्च बापाच्या पीएफएवढा. अमेरिकेत साधारण तीस ते छत्तीस क्रेडिटचा अभ्यासक्रम असतो, दोन-तीन शिफारसपत्रं मागतात आणि शेवटी प्रबंध किंवा प्रकल्प यांतलं एक निवडायला सांगतात. तिथल्या ‘फेमा’ या सरकारी यंत्रणेचे प्राथमिक कोर्स घरबसल्या फुकट करता येतात. जरूर करा. प्रमाणपत्र रंगीत येतं आणि अर्जात जागा भरते.

आता उद्देशपत्र, म्हणजे ज्याला सगळे ‘एसओपी’ म्हणतात. मुंबईतून येणाऱ्या एसओपीची सुरुवात ठरलेली आहे. 26 जुलै, मी लहान होतो, पाणी गळ्यापर्यंत, अनोळखी काकांनी बिस्किटं दिली, त्याच दिवशी मी ठरवलं. कृपा करून हे लिहू नका. निवड समितीतल्या माणसांनाही कुणीतरी बिस्किटं दिलेली असतात. त्याऐवजी गणित लिहा, गणिताने छाप पडते. त्या दिवशी सांताक्रुझच्या वेधशाळेने 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला आणि कुलाब्याच्या वेधशाळेने जेमतेम 74. यावरून काय सिद्ध होतं? की मुंबईत पूर आला नव्हता, सांताक्रुझला आला होता, आणि घर कुठे घ्यावं.

त्याहून सुंदर गणित पुढे आहे. इंग्रजांच्या काळातली आपली पर्जन्य जलवाहिन्यांची व्यवस्था तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली. ती 50 पर्यंत न्यावी, असं सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल 1993 मध्येच आला होता, म्हणजे मिठी घरात येण्याच्या बारा वर्षं आधी. आता 944 ला 24 ने भागा. तासाला 39. पन्नासच्या आत! कागदावर सांताक्रुझ कोरडं. बहुतेक सगळा पाऊस दुपारनंतरच्या थोड्या तासांत कोसळला, हे मान्य, पण परीक्षेत ते कुणी विचारत नाही. सरासरीसारखं निचऱ्याचं दुसरं साधन आजवर निघालेलं नाही. हिंदमाता या दर पावसात पाणी भरणाऱ्या भागासाठी तर आता जमिनीखाली पाणी साठवायच्या टाक्याही बांधल्या आहेत. सरासरीला खड्डासुद्धा खणावा लागत नाही.

प्रवेश मिळाला की पहिल्याच आठवड्यात एक धोकादायक गोष्ट शिकवतात. सावध राहा. 1976 साली ‘नेचर’ या नियतकालिकात तीन अभ्यासकांनी मांडलं की नैसर्गिक आपत्तींमधला ‘नैसर्गिक’ शब्द काढून टाकावा. भूकंप निसर्गाचा, पण त्यात पडलेलं घर माणसांचं. वादळ निसर्गाचं, पण त्याच्या वाटेत कोणाला राहावं लागतं ते निसर्ग ठरवत नाही. वर्गात हे ऐकताना अंगावर काटा येतो. तो वर्गातच ठेवून या. 13 मे 2024 ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर जाहिरातीचा फलक कोसळून सतरा माणसं गेली. परवानगी देता येते 40 बाय 40 फुटांपर्यंत, फलक होता 120 बाय 120. क्षेत्रफळ नऊ पट. आता नोकरी हवी असलेल्या विद्यार्थ्याने या घटनेचं कारण काय लिहावं? ‘वादळी वारा.’ शाब्बास.

इतिहासाचा पेपर असतो, तो झटपट उरकतो. या विषयातला पहिला मोठा प्रबंध 1920 चा, कॅनडातल्या सॅम्युअल प्रिन्स नावाच्या पाद्र्याचा. 1917 मध्ये हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याचं जहाज फुटलं आणि अर्धं गाव साफ झालं, त्यावर त्याने कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. आपल्याकडेही 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ फुटलं. एकाच जहाजात कापूस, स्फोटकं आणि सोनं. अशी भेळ वाण्याच्या गोणपाटातही कुणी करणार नाही. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या आठवणीत दरवर्षी 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. सोसायटीतला लाल सिलिंडर त्या आठवड्यात एकदा पुसला जातो. त्याची मुदत कधी संपली ते वाचायला गेलात तर सेक्रेटरी दुखावतो, तेव्हा लांबूनच नमस्कार करा.

कायद्याचा पेपर मात्र पाठ हवा. डिसेंबर 2004 ला त्सुनामी, जुलै 2005 ला मुंबई, डिसेंबर 2005 ला आपत्ती व्यवस्थापन कायदा. राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याचे मुख्यमंत्री, जिल्ह्याचे जिल्हाधिकारी. यांपैकी कुणालाही ही पदवी लागत नाही. ती तुम्हाला लागते, कारण त्यांच्या बैठकीची पॉवरपॉइंट तुम्ही करणार असता, तीही बऱ्याचदा अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. 2020 च्या मार्चमध्ये याच कायद्याखाली अख्खा देश घरात बसवला, तेव्हा आईने पहिल्यांदा माझ्या शिक्षणात रस घेतला. “हे तू शिकलास तेच का रे?” मी हो म्हणालो. “मग दूध किती वाजता येणार?” अभ्यासक्रमात नव्हतं.

मग येतो तक्ता. संकटात कोणी कोणाचं ऐकायचं याचा चौकोनांचा तक्ता. सगळ्यात वर घटनेचा प्रमुख, खाली ऑपरेशन्स, प्लॅनिंग, लॉजिस्टिक्स, त्याखाली आणखी चौकोन, बाण, तुटक रेषा. तो रंगवून काढा, वीसपैकी अठरा पडतात. पण एक प्रश्न विचारू नका, मी विचारला होता. अमेरिकेत क्वारांटेली नावाचे समाजशास्त्रज्ञ होऊन गेले. आयुष्यभर आपत्तींचा अभ्यास करून त्यांनी सांगितलं की संकटात माणसं सिनेमात दाखवतात तशी सैरावैरा सुटत नाहीत, बहुतेक जण शेजाऱ्याला धरून बाहेर काढतात. आमच्या चाळीत 26 जुलैच्या रात्री पलीकडच्या खोलीतल्या चाचींनी वरच्या मजल्यावर सत्तावीस माणसांना खिचडी घातली होती. एका स्टोव्हवर. मी सरांना विचारलं, चाची ऑपरेशन्समध्ये की लॉजिस्टिक्समध्ये? सरांनी तक्ता बराच वेळ पाहिला. शेवटी म्हणाले, “कम्युनिटी.” तो चौकोन कुठे आहे? तो तक्त्याबाहेर आहे. माझे दोन मार्क तिथेच गेले.

भाषेवर मेहनत घ्या, ती शेवटपर्यंत पोसते. आमची इंटर्नशिप एका सरकारी कार्यालयात झाली, नाव विचारू नका. तिथे मी आठवडाभर एकच शिकलो की मुंबईत पाणी तुंबत नाही, साचतं. पावसाचा जोर वाढला की तेच पाणी साचत नाही, त्याचा निचरा व्हायला वेळ लागतो. आणि कंबरेपर्यंत आलं की तो ‘सखल भाग’ असतो. म्हणजे दोष पाण्याचा नाही, आपण खाली राहतो. नालेसफाई ही नेहमी टक्क्यांत सांगावी, गाळ टनांत सांगावा, आणि तो गाळ नेला कुठे असं कुणी विचारलं तर भरतीची वेळ सांगावी. साडेचार मीटरच्या वरची भरती असेल तर पुढचा प्रश्न येतच नाही. समुद्र वर असताना नाल्यातलं पाणी बाहेर पडत नाही, हे शास्त्र आहे आणि ते खरं आहे. पत्रकार परिषदेत खरं बोलायची संधी क्वचित मिळते, सोडू नका.

प्रबंधाचा विषय निवडताना एकच पथ्य पाळा. कारणाच्या जागी माणूस येऊ देऊ नका. हवामान बदल घ्या, उत्तम विषय, त्याला फोन नंबर नाही. ‘लवचीकता’ घ्या, म्हणजे आपटून पुन्हा उभं राहण्याची ताकद. मुंबईकरांची लवचीकता हा तर सोन्याचा विषय, तिच्यावर अंदाजपत्रकात काहीच तरतूद करावी लागत नाही. माझ्या मैत्रिणीने चुकून एका दरडीखालच्या वस्तीला संरक्षक भिंत का मिळाली नाही, हा विषय घेतला. मार्गदर्शक तीन वेळा बदलले. भिंत अजून व्हायची आहे, प्रबंध झाला.

नोकरीचं म्हणाल तर मी सध्या अंधेरीत एका काचेच्या इमारतीत मॉक ड्रिल घेतो. मॉक ड्रिलची तारीख आठवडाभर आधी मेलवर जाते. त्या दिवशी दुपारी साडेबाराला भोंगा वाजतो, आणि माणसं डबे घेऊन शिस्तीत खाली उतरतात. बाराव्या मजल्यावरचे लिफ्टने येतात, कारण भोंगा खोटा आहे हे त्यांना माहीत असतं. पावणेआठ मिनिटांत इमारत रिकामी, असा अहवाल मी देतो. डब्यांचा उल्लेख करत नाही.

पदवी मिळाली तेव्हा मी ती फ्रेम करून घरी नेली. आमच्या भिंतीवर 2005 च्या पाण्याची रेघ आहे. आईने दोनदा घर रंगवून घेतलं, पण दोन्ही वेळा रंगाऱ्याला ती रेघ सोडून रंगवायला लावलं. घरातलं सगळं त्या रेघेवरून ठरतं. मिक्सर वर, चपला खाली, तांदळाचा डबा वर, जुनी रद्दी खाली. जूनमध्ये पेपरात भरतीचं वेळापत्रक आलं की ती ते कापून फ्रीजवर चिकटवते आणि त्या तारखांना दळण टाकत नाही. हॅझर्ड मॅपिंग, म्हणजे धोका कुठवर येतो ते आखणं, आम्हाला सहा क्रेडिटचं होतं.

आईने रेघेच्या वर चार बोटं मोजली आणि म्हणाली, “इथे खिळा ठोक.”

मी म्हणालो, “आई, गेल्या वेळच्या पातळीवर विसंबून राहायचं नसतं. पुढचं पाणी त्याच्याही वर येऊ शकतं. हे आम्हाला पहिल्याच सेमिस्टरला शिकवलंय.”

तिने फ्रेमकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “मग स्टूल आण.”

पदवी सध्या माळ्यावर आहे, गणपतीच्या मखराच्या मागे, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत.