पॅरलल पोर्ट कार्ड लिनक्सवर चालतंय, तो फॉरवर्ड पुढं ढकलू नका

सीएनसी मशीन पीसीवरून चालवायला लिनक्ससीएनसी नावाचं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर वापरतात, ते पीसीच्या पॅरलल पोर्टमधून (जुन्या प्रिंटरचा पोर्ट) मशीनला सिग्नल देतं. त्यावरून कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोलीकडच्या वर्कशॉपवाल्यांच्यात एक मेसेज फिरतोय. लिनक्सवर वेगळं टाकलेलं पॅरलल पोर्ट कार्ड चालत नाही, बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) पोर्टचा पत्ता ३७८ सेट करा, नाहीतर सरळ यूएसबी-प्रिंटर केबल घ्या, आणि इमर्जन्सी बटण पोर्टच्या पिनला जोडलं की सेफ्टी झाली. माझ्या भाच्यानं हे वाचून केबल मागवली पण, म्हणून लिहितोय.

कार्ड चालतंय. मदरबोर्डवरच्या पोर्टचा पत्ता बहुतेक वेळा ३७८ हेक्स असतो, पीसीआय कार्डाला मात्र पीसी चालू होताना वेगळाच पत्ता मिळतो, बायोसमधल्या ३७८ चा त्याच्याशी संबंधच नाही. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -व्ही' (lspci -v) मारा, कार्डाच्या नावाखाली आय/ओ पोर्ट्सच्या ओळी दिसतील, समजा डी०१०, तो पत्ता हॅल फाइलमध्ये (कुठली पिन कशाला जोडली ते सांगणारी लिनक्ससीएनसीची फाइल) हॅल-पारपोर्ट या पोर्टच्या ड्रायव्हरला द्यायचा, दोन-तीन ओळी असल्या तर एकेक लावून बघायची. हे लिनक्ससीएनसीच्या मॅन्युअलमध्येच आहे, कुणीही उघडून बघा. स्लॉट बदलला तर पत्ता परत तपासा.

यूएसबी केबल तर नकोच. ती प्रिंटरशी बोलायला बनवलेली आहे, तिला आय/ओ पत्ताच नसतो, मग लिनक्ससीएनसी लिहिणार कुठं? आणि स्टेप पल्ससाठी (मोटर एकेक पाऊल हलवणारे सिग्नल) लिनक्ससीएनसीचा सगळ्यात वेगवान फेरा, म्हणजे बेस थ्रेड, २५-५० मायक्रोसेकंदाला फिरतो, हायस्पीड यूएसबीची मायक्रोफ्रेमच, म्हणजे डेटा पाठवायचा एक ठोका, १२५ मायक्रोसेकंदाची, मग वेग पुरणार कसा?

पण खरा राग इमर्जन्सी बटणाचा आहे. अरे भावा, पोर्टवर शेवटचं जे लिहिलं ते पिनवर तसंच राहतं. पीसी हँग झाला आणि स्पिंडलचा (मशीनचा फिरणारा भाग) रिले चालू असला तर तो चालूच राहणार, तुम्ही बटण कितीही दाबा, ते वाचायला सॉफ्टवेअर जागं कुठं आहे? पीसी बूट होतानासुद्धा पिना आपोआप वर-खाली होतात, त्यावेळी जॉबवर हात असला तर? बटणानं थेट काँटॅक्टर (सप्लाय जोडणारा-तोडणारा मोठा रिले) पडला पाहिजे, ड्राइव्ह (मोटर चालवणारं सर्किट) आणि स्पिंडलचा सप्लाय तुटला पाहिजे, बटणाचा दुसरा काँटॅक्ट पिनला द्या म्हणजे सॉफ्टवेअरलाही कळेल. ब्रेकआउट बोर्डला (पोर्ट आणि ड्राइव्हच्या मधला बोर्ड) चार्ज पंपची सोय असली तर तीही वापरा: लिनक्ससीएनसीकडून पल्स येत असतील तोवरच बोर्ड आउटपुट चालू ठेवतो, थ्रेड थांबला की सगळं बंद. शिकाऊ पोरं मशीनवर उभी असतात, त्यांच्या हाताशी खेळ नको.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, मदरबोर्डवरचा पोर्ट असला तर त्याला त्रास कमी. काही स्वस्त कार्डं ५ ऐवजी ३.३ व्होल्टच देतात आणि मग काही ब्रेकआउट बोर्ड तो सिग्नल नीट ओळखत नाहीत, स्टेप चुकतात, आणि माणूस लिनक्सला शिव्या घालतो. ड्राइव्ह जोडायच्या आधी पिन हाय करून मल्टिमीटर लावा, आकडा कमी आला तर ५ व्होल्टचा बफर असलेला ब्रेकआउट बोर्ड घ्या.