डोंगरावरचा रिपीटर आणि आपल्याकडचा वाद

मागच्या आठवड्यात धाकट्या भावाशी फोनवर जवळजवळ भांडणच झालं, विषय वॉकी-टॉकी. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ ऑनलाइन विक्री साइट्सना नोटिसा काढल्या, फ्रिक्वेन्सी आणि परवान्याची नीट माहिती न देता वॉकी-टॉकी विकतात म्हणून. तेव्हापासून त्याचं एकच, की दादा, सुरक्षेचा प्रश्न आहे, ही वस्तू साध्या माणसाच्या हातात नकोच, मोबाईल असताना हवीय कशाला.

मी व्हिक्टोरियात, ऑस्ट्रेलियातल्या शेतीच्या भागात राहतो. इथे शेतकऱ्याच्या गाडीत यूएचएफ सीबी रेडिओ असतोच, म्हणजे वॉकी-टॉकीसारखाच, कुणालाही वापरता येणारा दुतर्फा बोलायचा सेट. ८० चॅनल, ५ वॅटपर्यंत ताकद, बोलणाऱ्याला परवाना नाही, फी नाही. सेटवरून सेटवर आवाज थोडे किलोमीटर जातो आणि मधे टेकडी आली की संपलं, म्हणून उंचावर रिपीटर बसवतात, तो एका चॅनलवर ऐकतो आणि तेच दुसऱ्या चॅनलवर लांबवर सोडतो. आमच्या बाजूचा रिपीटर गावातली आठ-दहा माणसं चालवतात, त्यात एक रिटायर झालेला इलेक्ट्रिशियन, बाकी शेतकरी. कुणालाच पगार नाही, सोलर पॅनल, बॅटऱ्या सगळं वर्गणीतून. एकदा बॅटरी बदलायला मीही वर गेलो होतो, अर्धा दिवस गेला, खांदे भरून आले, पण खाली उतरल्यावर कुणीतरी चॅनलवर नुसतं 'येतंय ऐकू' म्हणालं ना, फार बरं वाटलं.

आता मोबाईलचं. २०१९-२० च्या वणव्यांत इथले टॉवर बंद पडले ते बहुतेक जळून नाही, वीज गेली म्हणून बंद पडले. आपल्याकडे पावसात वेगळं काय होतं? ३० जुलै २०१४ ला माळीण डोंगराखाली गेलं तेव्हा बाहेर पहिल्यांदा कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरकडून, कारण त्याला गाव जागेवर दिसेना. २२ जुलै २०२१ ला तळीयेत दरड कोसळली, मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. डोंगरातल्या प्रत्येक वाडीत एक सेट असता तर दरड थांबली नसती हे मला कळतं, पण हाक तरी बाहेर गेली असती.

सुरक्षेची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. चॅनल उघडा असतो, कुणीही ऐकतं, कुणीही बोलतं, इथेही शिवीगाळ करणारे भेटतात. पण इथे परवाना रिपीटरला लागतो, बोलणाऱ्याला लागत नाही. म्हणजे यंत्र कुणाचं, कुठे आहे, हे सरकारदरबारी नोंदलेलं असतं आणि जाब कुणाला विचारायचा ते ठरलेलं असतं. चॅनल ५ आणि ३५ फक्त इमर्जन्सीसाठी, तिथे गप्पा चालत नाहीत. मला हीच व्यवस्था आपल्या घाटमाथ्यावर हवीय, तालुक्यातल्या एखाद्या मंडळाच्या नावावर रिपीटर द्या, जबाबदारी त्यांच्यावर टाका, आणि वाडीतल्या माणसाला मोकळेपणी बोलू द्या.

आपल्याकडे ४४६ मेगाहर्ट्झवर कमी ताकदीच्या सेटना परवाना लागत नाही, ही सवलत २०१८ पासून आहे, पण तेवढ्या ताकदीचा आवाज सह्याद्रीची एक सोंड आडवी आली की तिथेच अडतो. आणि कम्युनिटी रेडिओ म्हणाल तर ते प्रसारण, गावाने फक्त ऐकायचं, उलटून बोलायची सोय नाही.

भाऊ म्हणाला, तू तिकडे बसून सांगतोयस, इथे वर बॅटरी कोण नेणार? हा प्रश्न मला परवान्यापेक्षा मोठा वाटतो. पण पुरात गळ्याएवढ्या पाण्यात दुसऱ्यांना काढणारी पोरं आपल्याच गावातली असतात, गिर्यारोहकांची पथकं एका फोनवर दरीत उतरतात, मग महिन्यातून एकदा डोंगर चढणारे चार जण मिळणार नाहीत हे मी मानायला तयार नाही.

नियम बदलेपर्यंत हॅम रेडिओची, म्हणजे परवाना काढून हौसेने चालवायच्या रेडिओची, वाट उघडी आहे, परीक्षा आहे पण रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे खालच्या पायरीच्या परवान्याला, मोर्स कोड (टिंब-रेघांची संदेशाची लिपी) लागत नाही. २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून निरोप पोचवले ते भारती प्रसाद आणि त्यांच्या हॅम सोबत्यांनीच. पुतणी कॉलेजात आहे, तिला सांगितलंय, तू परीक्षेला बस, फी आणि पहिला सेट माझ्याकडून.