वाइनबर्ग: सुरुवात चेलोपासून करा

सोव्हिएत संगीतकार वाइनबर्ग म्हणजे त्याच काळातल्या नामवंत संगीतकार शोस्ताकोविचची फिकट नक्कल, असं मत वाइनबर्गवरच्या एका लेखात वाचलं, ते पटलं नाही. प्रभाव आहेच, दोघं मित्र, नवी रचना एकमेकांना दाखवायचे. पण वाइनबर्गचा १९४८चा चेलो कन्चर्टो ऐका, म्हणजे चेलो हे व्हायोलिनसारखं पण मोठं, खर्जातलं वाद्य आणि सोबत ऑर्केस्ट्रा अशी रचना. आरंभीच चेलो एक लांब, संथ धून धरतो. नाशिकला कालिदास कलामंदिरात विलंबित ख्याल ऐकत वाढलेल्या माझ्या कानांना ती लगेच ओळखीची वाटली, हार्मनीचं, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक सुरांचं ओझं जाणवलंच नाही. दुसऱ्या भागात ज्यू लोकसंगीताची चाल डोकावते, तीही झकास. वीसहून जास्त सिम्फन्या, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचना आहेत, तिथून सुरुवात करू नका, दमाल! १९५३मध्ये वाइनबर्गला अटक, स्टॅलिन गेल्यावर सुटका, हे वाचून कळवळा येतो. पण कळवळ्यापोटी ऐकू नये. आणि हो, रशियन 'विनी द पू' कार्टूनचं संगीतही यांचंच. त्यात कुठे दिसतो शोस्ताकोविच?