उंची बघून भुलू नका

जाड खोडाचं, भरपूर फांद्यांचं रोप पुढे जास्त पीक देतं, म्हणून कॉफीच्या नव्या वाणांची निवड रोपावस्थेतच करता येते, असं कॉफीच्या वाणनिवडीवरच्या एका लेखात म्हटलंय. पटलं, पण अर्धंच.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळींखाली रोबस्टा जातीच्या कॉफीची दहा-बारा झाडं आहेत. सगळ्यांत उंच, हिरवंगार झाड मूठभर फळं देतं. कडेचं बुटकं मात्र लगडतं. कॉफी मुख्यतः गेल्या हंगामात वाढलेल्या फांदीवर फळते, आणि एकदा फळलेलं पेर (फांदीवर पानं फुटतात तो सांधा) सहसा परत फळत नाही. म्हणजे मोजायचं काय, तर नवी पेरं किती आणि दर पेराला फळं किती. अरेबिका या कॉफीच्या दुसऱ्या जातीतलं 'चंद्रगिरी' हे वाण घ्या: कर्नाटकातल्या बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्राचं, 2007 सालचं. झाड ठेंगणं, पेरं जवळजवळ, तरी पीक चांगलं.

अर्थात माझं उंच झाड जातीनं तसं आहे की दाट सावलीत उजेडासाठी ताणलंय, देव जाणे! त्यात रोबस्टा स्वतःच्या परागानं फळ धरत नाही, त्यामुळे बियांपासूनची भावंडंसुद्धा एकसारखी निघत नाहीत. शिवाय एक वर्ष भरघोस आलं की पुढच्या वर्षी झाड थकतं. एका तोडणीवरून ठरवलं तर फसलात.

लेखकांना एकच विचारतो, खोडाची, फांद्यांची ही मापं घेतली ती सगळी झाडं सारख्याच सावलीत होती का? आणि पीक किती वर्षं मोजलं?