किती दिवस आहेस?

आमच्या भावंडांच्या ग्रुपवर गेल्या रविवारी पुन्हा तोच विषय निघाला: मुंबईतल्या नव्या इमारतींत काही घरं मराठी माणसांसाठी राखून ठेवावीत, ही मागणी. ठाण्याच्या दादाने लिहिलं, ‘समुद्राकाठी राहायचं तर पैसे मोजा, रडता कशाला? जगात कुठे असं राखून ठेवतात?’ त्याखाली चार अंगठे. मी रात्रपाळी संपवून स्कारबरोहून एक्स-९३ बसने घरी येत होते, डोळे मिटत होते, ते खाडकन उघडले. जगात कुठे, म्हणे! दादाचं जग म्हणजे बारा दिवसांची युरोप टूर, तीही वरणभातासकट.

मी राहते ते इंग्लंडमधलं व्हिटबी समुद्राकाठी आहे, आणि जगातच आहे. २०२२च्या जूनमध्ये या गावाने मतदान घेतलं: नवी घरं इथे कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत का? ९३ टक्के लोक हो म्हणाले. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्जने हेच २०१६ मध्ये केलं होतं. वेल्समधल्या कौन्सिलांना २०२३पासून दुसऱ्या घरावर तिप्पट जादा कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, लावायची मुभा आहे. आमच्या नॉर्थ यॉर्कशरनेही एप्रिल २०२५पासून दुसऱ्या घराचा टॅक्स दुप्पट केला. या गोऱ्यांना कुणी संकुचित म्हटलेलं मी ऐकलं नाही. हे सगळं मी बसमध्येच टाइप केलं आणि वर लिहिलं, ‘दादा, टूरवर हे दाखवत नाहीत.’

(सेंट आइव्ह्जमध्ये नव्या घरांवर बंधन आल्यावर बाहेरची गिऱ्हाइकं जुन्या घरांकडे वळली, हे मी लिहिलं नाही. वादात सगळंच कशाला सांगायचं?)

आमच्या गल्लीत अकरा घरं आहेत. सात दारांशेजारी सुट्टीला येणाऱ्या भाडेकरूंसाठी चावीची डबी लावलेली आहे. ऑगस्टमध्ये चालायला जागा नसते, आणि नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडला की दिवे लागतात चार. प्रभादेवी-वरळीच्या टॉवरांत रात्री किती खिडक्यांत उजेड असतो, तेही एकदा कुणी मोजावं. समुद्राकडे तोंड असलेला हॉल, आत कुणी नाही, आणि ज्यांना तो समुद्र पाठ होता ते बदलापूरच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धे टेकलेले.

दादाचं उत्तर दुपारी आलं. ‘व्हिटबीवाले विचारतात, तू इथे राहणार का? आपण विचारतोय, तू कोण? यातला फरक तुला कळत नाही, की कळून घ्यायचा नाही?’

हे लागलं. दादा एलआयसीतून रिटायर झालाय, पण वाद असा घालतो की वकील व्हायला हवा होता. मी मग मासळीवर आले. मुंबईत ‘कोण’ हा प्रश्न आधी आपण विचारला का? ‘खाता काय?’ असं विचारून घर नाकारणाऱ्या सोसायट्या कुणाच्या? इथे हेन्रिएटा स्ट्रीटवर हेरिंग माशाला धुरी देऊन किपर करतात. त्या गल्लीत घर घेणाऱ्याला ठाऊक असतं, आपल्या वाळत घातलेल्या चादरींना किपरचा वास येणार. आणि आमच्याकडे लोक कोळीवाड्याशेजारी कोटींचा फ्लॅट घेतात आणि मग वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येतो म्हणून तक्रार करतात. बोंबील आधीचे, बाबांनो. त्यातल्या त्यात लढून काही पदरात पाडून घेतलं ते वरळीच्या कोळ्यांनी. कोस्टल रोडच्या दोन खांबांमधून होड्या जायच्या तर ६० मीटर पुरत नाहीत म्हणून अडून बसले आणि अंतर १२० मीटर करून घेतलं. बाकी आम्ही शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून हळहळणारे.

‘आम्ही’ म्हटलं खरं. मला मुंबई सोडून अठरा वर्षं झाली.

माझं लहानपण प्रभादेवीतल्या पागडीच्या दोन खोल्यांत गेलं. समुद्र दिसत नसे, मधे दोन इमारती होत्या. पण जुलैत भरतीच्या दिवशी गॅलरीच्या लोखंडी कठड्याला हात लावून जीभ लावली की खारट लागायचं. आई ओरडायची, गंज खातेस का म्हणून. व्हिटबीतही खिडकीच्या काचांवर मिठाचा थर बसतो. मी जीभ लावत नाही, शेजारीण बघते.

ही शेजारीण ऐंशीची आहे. घर घेतल्यावर चौथ्या वर्षी तिने मला हसतमुखाने विचारलं, ‘किती दिवसांसाठी आलात?’ डबी नसलेल्या चार दारांपैकी एक माझं, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि मुंबईला उतरले की पहिला प्रश्न तोच, अगदी जवळच्यांकडून: ‘किती दिवस आहेस?’

त्या जूनमध्ये मीही मत दिलं होतं. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, पण राष्ट्रकुलाच्या कृपेने इथल्या मतदानाला चालतो. प्रभादेवीत मत द्यायचं तर विमानाने जावं लागतं, म्हणून कधी दिलं नाही. इथे कामावरून परस्पर गेले आणि बाहेरच्यांनी गावातली नवी घरं सुट्टीपुरती घेऊ नयेत या बाजूने खूण केली. पेन्सिल दोरीने बांधलेली होती. तेव्हा मला घर घेऊन तीन वर्षं झाली होती, आणि मागचा मालक इथलाच, मासेमारी करणाऱ्या घरातला. त्याचा मुलगा आता मिडल्सबरोला भाड्याने राहतो. मी गावात राहते, टॅक्स भरते, बाराही महिने दिवा लावते, हे सगळं खरं. तरी खूण करताना हात किंचित थांबला होता.

दादाने रात्री शेवटचं लिहिलं. ग्रुपवर नाही, मला एकटीला. ‘आपलं प्रभादेवीचं कुणाला दिलं होतं गं?’

पागडीची इमारत पाडून टॉवर झाला, आम्हाला तीनशे फुटांचं घर मालकीचं मिळालं, आणि पाठोपाठ दर महिन्याचा मेंटेनन्स आला. पोडियम गार्डन, लिफ्टमन, एकदाही न वापरलेली जिम. बाबा गेल्यावर धाकट्या भावाने डोंबिवलीला मोठं घर बघितलं. २०१९ मध्ये विकायला काढलं तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती. एक जुन्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या काकूंची मुलगी, शिक्षिका, नवरा बेस्टमध्ये. लोन मंजूर व्हायला दोन महिने मागत होती. दुसरा पूर्ण पैसे देऊन गुंतवणूक म्हणून घेणारा, चार लाख जास्त. भावाने रात्री फोन केला, ‘ताई, काय करू?’ मी इथे घराचा सर्व्हे रिपोर्ट वाचत बसले होते. ओल, छप्पर, बॉयलर, सगळ्यांवर लाल खूण. मी म्हटलं, जास्त देतोय त्याला दे, भावनेत अडकू नकोस. कुलमुखत्यारपत्र आधीच पाठवलेलं होतं. टीडीएस कापला गेला, सीएने पैसे परदेशी पाठवायचा फॉर्म पंधरा-सीए भरला, पैसे आले.

दादाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. दोन निळ्या खुणा त्याला दिसतच असतील.

त्या चार लाखांतला माझा वाटा बॉयलरला आणि पुढच्या बाजूच्या कौलांना गेला. लाल कौलं आहेत, कोकणातल्यासारखी.